डबल बेल

“निघू का मॅडम?” आमचे हे म्हणाले, आणि ताट घेऊन आलेली मी दारातच थांबले.

माडीवरच्या खोलीत ह्यांची पाठ माझ्याकडे होती. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, खांद्यावर पंचा, पुढ्यात कॉम्प्युटर. त्यात विमानाचं नाक आणि त्याच्यापुढं लांबच्या लांब डांबरी पट्टा. कॉम्प्युटरच्या माथ्यावर लिंबू-मिरची लोंबत होती. शनिवारी ती मीच ओवून दिली होती. ‘गाडीला लावायचीय’ म्हणाले होते. रिटायर माणसाची कसली गाडी, हे विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“थांबा ना जी, तात्या,” बाईचा आवाज आला. कानात घालायचं यंत्र ह्यांना टोचायचं, म्हणून सगळं बोलणं खोलीभर मोकळं. “समोरून एक उतरून राहिलंय. ते बाजूला झालं की सांगते.”

“होय मॅडम. थांबलो.”

आणि खरंच थांबले की हो! दोन्ही हात मांडीवर ठेवून, मास्तरसमोर बसल्यासारखे.

माझ्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. तेवढ्या वर्षांत ह्यांनी मला न विचारता म्हैस विकली, न विचारता थोरलीची सोयरीक ठरवली, न विचारता पुण्याला बदली मागितली आणि न विचारता रद्दही करून घेतली. मी मागून ‘थांबा’ म्हणून ओरडले की चपला जास्तच जोरात वाजायच्या. आणि ही कोण कुठली, तोंड ना ओळख, नुसतं ‘थांबा ना जी’ म्हणते आणि हा गडी दगडासारखा बसतो!

“अहो,” मी म्हटलं, “ताट आणलंय.”

मागं न बघता ह्यांनी हात वर केला. चौकातला हवालदार करतो तसा.

“निघा आता तात्या,” ती म्हणाली. “वारा डावीकडून आहे. सांभाळून.”

“आभारी आहे मॅडम.”

आभारी! हा शब्द ह्यांना येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी ताट तिथंच स्टुलावर आदळलं आणि खाली आले.

“कोण आहे गं ही भवानी?” मी वैजूला विचारलं.

वैजू, म्हणजे वैजयंता, माझी सून. नांदगिरीच्या एसटी स्टँडसमोर आमची खानावळ, पाटी माझ्या नावाची, ‘मालन खानावळ’. कालवणं वैजू बघते, भाकरी माझी. माझा पोरगा हणमंत शेजारीच झेरॉक्सचं दुकान चालवतो. हे ड्रायव्हरकीतून रिटायर झाले आणि दिवसभर स्टँडवर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या मागं घ्यायला हात दाखवू लागले. तरणे ड्रायव्हर हसायचे. तेव्हा हणमंतानं दुकानातला जुना कॉम्प्युटर माडीवर नेऊन ठेवला आणि बापाला विमानाच्या खेळाला लावलं.

“टॉवरवाली आहे ती, आत्या,” वैजू म्हणाली.

“मोबाईलच्या टॉवरवर बसते?”

“विमानतळाच्या. खेळातल्या. कुणी विमान चालवतं, कुणी टॉवरला बसतं. सगळी आपापल्या घरात. टॉवरवाल्यानं सांगितलं की निघायचं, थांब म्हटलं की थांबायचं.”

“पगार किती?”

“कसला पगार! हौसेनं बसतात. फुकट.”

“फुकट? मग तर जास्तच लक्ष ठेवायला पाहिजे.”

वैजूनं पदर तोंडाला लावला. “वानखडे मॅडम आहेत त्या. अमरावतीच्या. मामांना इंग्रजी येत नाही ना, तर त्या मराठीतनं सांगतात. बाकीचे सगळे इंग्रजी झाडतात.”

“वय काय तिचं?”

“आता आवाजाचं वय कसं सांगू?”

“मी सांगते. तिशीच्या आत आहे. आणि केस कापलेले आहेत.”

“ते पण आवाजावरनं कळलं?”

“तू रस्सा ढवळ.”

त्या दिवसापासून माझं काय झालं, ते मला सांगता येत नाही, पण ताट वर न्यायचं काम मी वैजूकडं जाऊ दिलं नाही. रोज दुपारी खानावळीतली पंगत उठली की मी वर जायची आणि दारात उभी राहायची. हे रोज एकच फेरी करायचे, पुण्याहून कोल्हापूर. वैजू म्हणायची, “मामा, अख्खी दुनिया मोकळी आहे, एकदा दुबई करा की.” हे म्हणायचे, “आपला रूट तोच.” विमानात बसायच्या आधी हात जोडायचे, काच पुसल्यासारखा पंचा कॉम्प्युटरवरून फिरवायचे, आणि मग ते तोंडभरून “निघू का मॅडम?”

मी म्हणायची, “अहो, भाकरी निवतेय.”

“हवेत आहे.”

“मग उतरवा.”

“मधेच उतरवता येत नाही.”

“मग थांबवा की तिथंच.”

“हवेत कधी थांबवतात का? मागं लोक आहेत. टॉवरला मॅडम बसल्यात.”

वैजूनं मला सांगितलं, थांबवायचं बटण असतं, पण ते एकट्यानं खेळताना. चारचौघांत जोडलेलं असलं की ते वापरायचं नाही. म्हणजे मॅडम बसलेली असेपर्यंत माझी भाकरी निवणार, असा त्याचा अर्थ.

एकदा मीही करून बघितलं. हे बाजाराची पिशवी घेऊन निघाले होते. मी आवाज बारीक केला आणि म्हटलं, “थांबा ना जी.”

हे थांबले. माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“ताप नाही,” म्हणाले आणि गेले.

हे असले अपमान मी कुणाला सांगायचे?

त्यात आमच्या ह्यांची बेलेची शिस्त साऱ्या स्टँडला ठाऊक. एसटीत दोन घंट्या म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. डबल बेल आणि सिंगल बेल. कंडक्टरनं डबल बेल मारल्याशिवाय हे कधी ब्रेकवरचा पाय काढायचे नाहीत. बाकीचे ड्रायव्हर आरशात बघून काढतात गाडी, हे नाही. खानावळीत जेवायला येणारे कंडक्टर चेष्टा करायचे, “थोरात तात्या घास उचलायच्या आधी पण बेल मागत असतील, काय वहिनी?” मला वाटायचं, नियमाचा माणूस आहे. ह्या मॅडमचं ऐकायला लागले तेव्हा वाटलं, नियमबियम काही नाही, माणसाला बाईचा आवाज गोड लागतो इतकंच.

खरं तर बेल ह्या गोष्टीशी माझं वैर जुनं आहे. मी भाकरी डाव्या हातानं थापते. लोक लांबून बघायला येतात, मोठी कला असल्यासारखं. कला कसली! माझं उजवं मनगट वाकडं आहे. लग्नानंतरची पहिली पंचमी, मी माहेराहून परत येत होते, गाडी ह्यांचीच. गावाबाहेर जुनी विमानाची धावपट्टी आहे, कधीतरी मंत्री उतरतो तिथं. त्या फाट्यावर मी उतरत होते. एक पाय पायरीवर, एक अजून हवेत, हातात बोचकं, आणि गाडी हलली. मी खडीवर पडले. हाडवैद्यानं हाड बसवलं ते असं बसवलं. कंडक्टर होता घोरपडे. त्यानं न बघता डबल बेल मारली होती. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, “माझी चूक झाली.” कबूल केलं म्हणून हाड सरळ होतं का? तेव्हापासून मी त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. खानावळ काढली, अख्खा डेपो जेवून गेला, घोरपडेला मी पाणीसुद्धा दिलं नाही. तो समोरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि माझी नजर गेली की कप घेऊन पाठमोरा व्हायचा.

तर ते असो.

त्या विमानवाल्या कंपनीनं एक आशा लावून ठेवली होती. लहान लहान गावांच्या धावपट्ट्याही खेळात येणार, आपल्या नांदगिरीचीही येणार. आधी म्हणाले दिवाळीला. दिवाळी गेली. मग पाडव्याला. मग पुढच्या दिवाळीला. वैजू मोबाईलवर वाचून सांगायची, “आज कंपनीनं लिहिलंय, लवकरच.”

“ह्या वेळी नक्की,” हे म्हणायचे.

“कोण म्हणतं?” मी विचारायची.

“कंपनी म्हणते.”

“लवकरच हा शब्द मला कळतो. माझ्या बापानं लग्नात पाटल्या लवकरच देतो म्हणून सांगितलं होतं. कुठं आहेत, दाखवा बघू.”

“एवढं मोठं काम आहे, वेळ लागणारच.”

“खऱ्या विमानतळाला लागतो वेळ. ह्यांना तर नुसतं चित्र काढायचंय.”

नांदगिरीच्या पट्टीचं नाव निघालं की ह्यांचा चेहरा पोरीला बघायला पाहुणे येणार असल्यासारखा व्हायचा. काय अडलं होतं तिथं, मला कळायचं नाही. उतरायला पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत पट्ट्या आहेत, आणि ह्यांना ती बाभळीची माळरानं पाहिजेत.

मग खेळणारी माणसं कमी व्हायला लागली. आधी खोलीत बाजार भरल्यासारखा कालवा असायचा. हळूहळू आवाज गळत गेले. नांदेडचा एक अवधूत होता, ह्यांना फार मानायचा. एका दुपारी तो म्हणाला, “तात्या, मी थांबतो आता. तेच ढग, तेच विमानतळ. दोन वर्षं झाली, नवीन काही नाही. सुरू करायला बसलो की अंगावर येतं. कंटाळा नाही म्हणत, शिणलोय.”

“अरे, लवकरच येणार आहे नवीन.”

“तात्या, ते येईल तेव्हा मला हाक मारा.”

“प्रवासी कमी झाले म्हणून फेरी बंद करायची नसते बाबा,” हे म्हणाले. पण तो गेलेला होता.

मला मनातनं बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? सवतीला न मारताच मरण येत होतं. शेवटी माडीवर दोनच आवाज उरले, एक ह्यांचा आणि एक तिचा. एक विमान आणि एक टॉवर. हे मात्र मला फार जड गेलं. गर्दीत दोघं बोलतात ते वेगळं, आणि रिकाम्या आभाळात दोघंच बोलतात ते वेगळं.

“आज ऊन आहे का तिकडं?”

“आहे ना जी. तुमच्याकडे?”

“इकडं वारं सुटलंय.”

मी दारात ताट धरून उभी. माझ्या घरात वारं सुटलंय की नाही, हे अमरावतीला कळवलं जात होतं.

आणि एक दिवस ती म्हणाली, “तात्या, मी पण आता बसणार नाही.”

ह्यांनी मान वर केली.

“थकली जी मी. टॉवरला कोणी नसलं तर आपलं आपण निघायचं असते, सगळे तसंच करतात. तुम्ही पण निघत जा. बरं का?”

ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “आभारी आहे मॅडम.” ह्या वेळी ‘आभारी’ ऐकून माझ्या जिवाला गार वाटलं. खाली येऊन मी वैजूला म्हटलं, “आज शिरा कर.”

“काय विशेष?”

“काही नाही. रवा जुना होतोय.”

शिरा कडू झाला. कारण दुसऱ्या दिवशी हे वर गेले, हात जोडले, पंचा फिरवला, विमान पट्टीच्या तोंडाशी आणलं आणि बसून राहिले. इंजिन घरघरत होतं. मी ताट घेऊन गेले, तरी विमान जागेवरच. संध्याकाळ झाली, हे उठले आणि खाली आले. भाकरी चतकोर खाल्ली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. बोलणं बंद. स्टँडवर गाडी मागं घ्यायलाही जाईनात.

वैजू वर जाऊन म्हणाली, “मामा, निघा की. अडवायला कुणी नाही.”

“बेल नाही,” हे म्हणाले.

“अहो, बेल द्यायला कोण उरलंय?”

“म्हणूनच बसलोय.”

वैजू खाली आली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी पीठ मळत होते.

“आत्या, मामांची तब्येत जाईल अशानं. गालफाडं बघा.”

मी बघितलेली होती. पस्तीस वर्षं मी तो चेहरा गाडीतनं उतरताना बघितला होता, धुळीनं भरलेला, घामानं भिजलेला, पण असा कधी नाही. स्टिअरिंग काढून घेतल्यासारखा.

“तिचा नंबर आहे का तुझ्याकडं?” मी विचारलं.

“कुणाचा?”

“तुला माहीत आहे कुणाचा.”

मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. माझ्या माणसाला नादाला लावलंस आणि मधेच सोडलंस, अशी सुरुवात होती. पुढचं आणखी जहाल होतं. पण तिकडून “हॅलो” आलं ते इतकं घरगुती, की मी आधी नाव सांगून बसले.

“मी मालन थोरात. नांदगिरीहून. तुमच्या तात्यांची बायको.” ‘तुमच्या’वर मी चांगला भार दिला.

“अगंबाई! मालनताई! भाकरी निवतेय!”

“काय?”

“रोज ऐकू येते ना जी मला तुमचं! ‘अहो, भाकरी निवतेय’, ‘अहो, आमटीवर साय धरली’, ‘अहो, त्या यंत्रालाच कालवण वाढू का?’ तात्यांच्या मागून सगळं इकडे येत होतं. माझे मिस्टर गेल्यापासून मला जेवायला कोणी बोलावत नाही. तुमची हाक आली की मी पण उठायची आणि माझं वाढून घ्यायची. हेवा वाटायचा तुमचा, खरं सांगते.”

माझा? मी फोन या कानाचा त्या कानाला केला.

“वय काय हो तुमचं?” मी विचारलं. विचारून टाकलं एकदाचं.

“टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊनच दहाच्या वर वर्षं झाली. जन्मभर हॅलो म्हणत आली, तेवढा आवाज राहिला, बाकी सगळं उताराला लागलं.”

माझा निम्मा राग तिथंच बसला. निम्मा मात्र उभा राहिला.

“तुम्ही परत बसा टॉवरला,” मी म्हटलं. एवढं वाक्य तोंडातून काढायला मला जे लागलं ते माझं मला माहीत. आयुष्यात मी कुणाचं काही मागायला गेले नव्हते, आणि मागितलं ते हिच्याकडं. “हे जेवत नाहीत.”



“नाही बसवत ताई. सगळे निघून गेल्यावर मी रिकाम्या टॉवरवर एका विमानासाठी बसत होती. कंपनी म्हणते लवकरच. खेळ होता तोवर बसली. आता त्याची ड्युटी झाली. ड्युटी मी खूप केली.”

“मग ह्यांना सांगा, बेलेवाचून निघा म्हणून.”

“मागेही एकदा सांगितलं होतं ना! ऐकतात का? म्हणाले, मॅडम, एकदा निघालो होतो बेल न होता. त्याची शिक्षा मालन अजून भोगते.”

माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. ते वाळून खरखरीत झालं होतं.

“काय म्हणाले?”

“त्या फाट्यावरचं जी. घंटी झालीच नव्हती. त्यांनाच घाई झाली. आणि ते घोरपडे म्हणून होते, त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. नवरी पडली, दोन्हीकडचे लोक जमले, ड्रायव्हर नवीन, मारला असता त्याला.” मग तिनं विचारलं, “तुम्हाला माहीत नव्हतं काय, ताई?”

“माहीत आहे की,” मी म्हटलं. “सगळं माहीत आहे मला.”

तिनं पुढं ताणलं नाही. शहाणी बाई. एवढंच म्हणाली, “म्हणून ते नांदगिरीच्या पट्टीची वाट पाहून राहिले होते. मला म्हणायचे, मालनला त्या फाट्यावर एकदा नीट उतरवायचं राहिलंय.”

फोन ठेवला आणि मी पिठाच्या परातीपुढं बसून राहिले. मालन! जन्मात ह्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यावर सगळा संसार झाला. आणि माझं नाव, माझं मनगट, माझा फाटा, सगळं त्या टॉवरवरच्या बाईला माहीत, आणि मला नाही! मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. मग त्या रागातच मी हात धुतले.

“वैजू,” मी म्हटलं, “टपरीवर जा आणि घोरपडे भाऊजींना जेवायला बोलाव.”

वैजूच्या हातातला डाव पातेल्यात पडला. “भाऊजी? कालपर्यंत मुडदा होता तो!”

“जातीस का मी जाऊ?”

घोरपडे आला तो उंबऱ्याबाहेरच उभा. म्हातारा झाला होता. टोपी हातात.

“वहिनी, काही चुकलं का?”

“आत या.”

“आज काय, विषबिष घालताय की काय?”

“विष महाग झालंय. मटण आहे. बसा.”

तो बाकाच्या कडेवर बसला, कधीही उठून पळता येईल असा. मी तव्यावरची भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली. त्यानं पहिला घास मोडला तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

“खोटं बोलताना हात थरथरला नव्हता, आता का थरथरतोय?” मी हळूच म्हटलं.

घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली ताटाकडं. “थोरात माझा मैतर हाय, वहिनी,” एवढंच बोलला.

“कळलं. रस्सा घ्या, पातळ करून.”

त्याच वेळी हे जिन्यावरून खाली आले. पाणी प्यायला आले असतील. बाकावर घोरपडे, त्याच्या ताटात माझी भाकरी, आणि मी दुसरी थापतेय, डाव्या हातानं. हे जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. आधी घोरपडेकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मनगटाकडं. घोरपडेनं मान वर केली नाही. मी भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

“भाऊजी, अजून अर्धी?” मी विचारलं.

“वाढा,” घोरपडे म्हणाला.

मी काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. विचारलं असतं तर ह्यांनी माफी मागितली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. ते मी जपून ठेवलं. हे वळले आणि पाणी न पिताच वर गेले.

घोरपडे गेल्यावर मी एक रिकामं ताट आणि आमटीची पळी घेतली आणि जिना चढले. वैजू मागून म्हणाली, “आत्या, ताटात काहीच नाही.”

“दिसतंय मला.”

माडीवर विमान पट्टीच्या तोंडाशी उभं होतं. घरघर चाललेली. हे हात मांडीवर ठेवून बसलेले. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं होतं. मी ह्यांच्या खुर्चीच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले, कंडक्टर उभा राहतो तशी. पाऊल ह्यांना ऐकू आलं असणार. वळले मात्र नाहीत.

मी उजव्या हातात पळी धरली. वाकड्याच.

टण्. टण्.

ह्यांचे खांदे एकदा वर झाले आणि खाली आले. मग हात पुढं गेला. विमान हललं, पळायला लागलं, आणि त्या डांबरीवरून वर उचललं गेलं. मी विमानात कधी बसले नाही, त्यामुळं मला उगीच खुर्चीची पाठ घट्ट धरावी लागली.

खाली डोंगर गेले, नदी गेली. ही एवढी नदी, साडीच्या काठाएवढी. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, “ही नांदगिरी.”

मी वाकून बघितलं. हिरवं सपाट रान. ना स्टँड, ना खानावळ, ना फाटा, ना पट्टी.

“कुठाय?”

“आहे इथंच. कंपनीनं अजून टाकली नाही.” हे विमान गोल फिरवत होते, घार फिरते तसं. “उतरायला जागाच नाही गं.” मग मान अर्धवट वळवून म्हणाले, “काय करू?”

मला विचारलं. म्हैस विकताना नाही, पोरगी देताना नाही. आज विचारलं, तेही हवेत.

“कंपनीचं राहू द्या,” मी म्हटलं. “आमटीवर साय धरतेय.”

आणि ताटावर एकदाच पळी मारली.

टण्.

ह्यांचं बोट एका बटणावर गेलं. घरघर बंद झाली आणि विमान जिथं होतं तिथं, ढगाला चिकटून, उभं राहिलं. त्या वानखडेबाईनं ह्यांना पट्टीवर कितीदा थांबवलं असेल, पण हवेत नाही. पुढं दिवाळीला मी तिला फराळ पाठवला. चकल्या मुद्दाम जरा कडक ठेवल्या.

हे खुर्चीतून उठले. जिना आमचा अरुंद, एका वेळी एकच माणूस. एरवी हे पुढं धाडधाड उतरून जायचे आणि मी मागं भिंत धरत यायची. त्या दिवशी दारात बाजूला सरून उभे राहिले. मी एक पायरी उतरले, दुसरी उतरले. मागून पावलाचा आवाज नाही. वर बघितलं तर हे कठड्याला हात लावून उभेच, नजर माझ्या पायांवर.

शेवटच्या पायरीवरून माझे दोन्ही पाय फरशीला लागेपर्यंत हे हलले नाहीत.

मग मी खालूनच म्हटलं, “या आता.”